दातांना तार लावावी का?

दात वेडेवाकडे दिसले की लगेच तार लावायची असे नसते. आपल्याला दुधाचे दात २० असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास ते पडू लागतात आणि कायमचे येतात.

माझी धाकटी बहीण नऊ वर्षांची आहे. तिच्या वरच्या दोन दातांत फट आहे. आजी म्हणते, "तार लावा गो तिका!" पण या वयात अशी फट पुष्कळांना असते. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे उतरले की ती बहुधा आपोआप मिटते. म्हणून तिने थांबायचे.

माझे तसे नाही. मी सातवीत आहे आणि माझे वरचे दात बरेच पुढे आहेत. खो-खो खेळताना पडले, तर असे दात आधी तुटतात. खालचे दात टाळूला टोचत असतील किंवा नीट चावता येत नसेल, तरीही डॉक्टरांना दाखवावे.

तार साधारण दीड-दोन वर्षे ठेवतात. गोव्यात बांबोळीला १९८० साली सुरू झालेले सरकारी दंत महाविद्यालय आहे. पण मालवणहून तिथे पुन्हा पुन्हा जायचे, म्हणजे दर खेपेला बाबांचा कामाचा दिवस बुडणार. शिवाय जत्रेतले कडक खाजे बंद! तार काढल्यावरही दात परत सरकू नयेत म्हणून काही काळ पट्टी लावावी लागते.

पालकांनो, हे सर्व डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि मित्रांनो, कुणाला 'दातऱ्या' म्हणून चिडवू नका. तार दातांसाठी लावायची, चिडवणाऱ्यांसाठी नव्हे.