पनवेल गेलं, माणगाव यायचंय

गणपतीच्या दिवसांत रात्रीच्या गाडीत बर्थ मिळाला नाही, की चाकरमान्यापुढे दोनच वाटा उरतात: सेकंड सीटिंग किंवा जनरल. रत्नागिरी-सावंतवाडीच्या माणसाला डुलक्या काढायला निदान अख्खी रात्र तरी मिळते. रायगडकराची पंचाईत निराळी. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळ्याच्या माणसाने मध्यरात्रीच्या आसपास मुंबई सोडायची आणि भर रात्री माणगावला उतरायचं. गाडी रखडली तर पहाटेच. म्हणजे शरीर जेव्हा सर्वांत कमी साथ देतं, नेमक्या त्याच तासांत हा प्रवास होतो. सीट मऊ आहे की कडक, हा प्रश्न मला त्यापुढे दुय्यम वाटतो.

आपल्या शरीराचं आतलं तापमान दिवसभर एकसारखं नसतं. संध्याकाळी ते चढलेलं असतं आणि रात्री उतरत उतरत पहाटे चार-पाचच्या सुमारास तळ गाठतं. फरक जेमतेम अर्ध्या ते एक अंशाचा, पण झोपेची सगळी गणितं त्यावर चालतात. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीर हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद करतं. पावलं जितकी ऊबदार, तितकी झोप लवकर लागते, असं स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं होतं. तेव्हा गाडीत बसल्या बसल्या घट्ट बूट काढावेत आणि थंडीचे दिवस असतील तर पातळ मोजे चढवावेत.

पेण-नागोठणे मागे पडेपर्यंत मात्र चित्र पालटतं. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे थांबलेले असतात आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागतात. त्यात उघड्या खिडकीतून गाडीच्या वेगाचा वारा. भाद्रपदातल्या दमट हवेत पनवेलपर्यंत घामाने चिकचिकलेला माणूस रोह्याच्या पुढे कुडकुडतो, तो यामुळे. शिवाय स्वप्नांच्या झोपेत शरीराची कुडकुडून ऊब आणण्याची सोय जवळजवळ बंद असते. चादर वरच्या फळीवरच्या बॅगेत, बॅगेवर तीन लोकांच्या पिशव्या, अशी व्यवस्था करणाऱ्यांना ती हवी तेव्हा मिळत नाही. झोप लागण्याआधीच चादर मांडीवर घेऊन बसावं.

आता मान. डोळ्यांच्या जलद हालचालींची ही स्वप्नांची झोप १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात अॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी जगापुढे मांडली. तिच्यात अंगाचे स्नायू सैल पडतात. आडव्या माणसाला त्याचं काही नसतं. बसलेल्याचं डोकं धाडकन पुढे येतं आणि तो जागा होतो. निकल्सन आणि स्टोन या ब्रिटिश संशोधकांनी १९८७ साली निरनिराळ्या कलांच्या खुर्च्यांत माणसं झोपवून पाहिली. पाठ उभ्या रेषेपासून सुमारे ४० अंश किंवा त्याहून अधिक कलली, तर झोप बिछान्यातल्या झोपेच्या जवळ जाते, असं त्यांना आढळलं. जनरल डब्याच्या बाकाची पाठ जवळजवळ ताठ असते, तिथे ४० अंश कुठून आणायचे? मग उलट करावं: बॅग मांडीवर उभी धरून पुढे झुकून तिच्यावर कपाळ टेकावं. गळ्यातली ती अर्धगोल उशी मागे घालण्याचा आग्रह मला कळत नाही. डोकं पुढे पडणार असेल, तर तिचा जाड भाग हनुवटीखाली हवा.

खिडकीच्या जागेसाठी भांडणं होतात, पण खिडकीच्या चौकटीला डोकं टेकलं की डब्याची कंपनं थेट कवटीत शिरतात. एरवी त्यातली बरीचशी वाटेत धडच जिरवतं. बसलेल्या माणसाच्या धडाला सर्वाधिक त्रास देतात ती सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी वर-खाली कंपनं. चाकांच्या बोगीवरच्या जागांना ती जास्त जाणवतात. म्हणून डब्याच्या मधली जागा बरी, दाराची आदळआपट आणि संडासाची रांगही तिथून दूर. आणि गाढ झोप लागली नाही म्हणून खंत करू नये. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग जास्त सावध राहतो, असं अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात २०१६ मध्ये दिसलं. तो सामानावर लक्ष ठेवतोय असं म्हणावं!

एका गोष्टीत मात्र चेष्टा नको. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक रात्र-रात्र निवाऱ्यांत कापडी आरामखुर्च्यांवर बसून काढत. त्यांपैकी काहींच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊन त्या फुप्फुसात गेल्या आणि मृत्यू ओढवले, डॉ. कीथ सिम्प्सन यांनी ते ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवलं. खुर्चीची पुढची दांडी मांडीखालच्या शिरा दाबत होती. पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावतात तेव्हाच पायांतलं रक्त नीट वर चढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासानुसार चार तासांहून लांबच्या, विमानातल्याच नव्हे तर रेल्वे-बसच्याही प्रवासात हा धोका सुमारे दुपटीने वाढतो. तरी तो साधारण सहा हजारांत एकाला, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. टाचा-चवडे उचलत राहावं, पाणी प्यावं, पाय लोंबकळत असतील तर खाली बॅग ठेवावी. गर्भवती, नुकतंच ऑपरेशन झालेले किंवा आधी गुठळी होऊन गेलेले यांनी मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं.

माणगावला उतरण्याचा खरा प्रश्न झोपेचा नाही, जागं होण्याचा आहे. गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू पूर्ण ताळ्यावर यायला पंधरा ते तीस मिनिटं जातात, आणि तापमान तळाशी असताना उठवलं तर जडपणा अधिक. त्या अवस्थेत सामान मोजणं, चपला शोधणं आणि पोराला कडेवर घेणं एकाच वेळी चालतं. गजर माणगावचा लावू नये, कोलाडचा लावावा. तिथून उभं राहावं, तोंडावर पाणी मारावं, मोबाइलच्या उजेडात सामान मोजून घ्यावं. पनवेलच्या चहाचं म्हणाल, तर माणगावकराने तो खुशाल प्यावा. कॅफिनचा अंमल चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढ्यात एक डुलकीही होते. सावंतवाडीला जाणाऱ्याने पिऊ नये, पाच तासांनीही त्यातलं निम्मं कॅफिन रक्तात असतं.

पुढे म्हसळ्या-श्रीवर्धनची एसटी. रेल्वेच्या भरभर हादऱ्यांनी सहसा मळमळत नाही. मळमळ आणतात ते संथ हेलकावे, पाच सेकंदांना एक अशा चालीचे, आणि घाटाच्या वळणांवर बस तेच देते. रात्रभर जागलेल्याने मागच्या सीटवर आडवं व्हायचा मोह टाळावा, पुढे बसावं आणि फटफटलं असेल तर नजर रस्त्यावर ठेवावी.