कार्ड हरवले तर कुलूप कुठे लावायचे?

समजा, मिठबावच्या एक शिक्षिका रविवारी गजबादेवीला गेल्या, थोडा वेळ समुद्रकिनारी बसल्या आणि घरी आल्यावर पाहतात तो पर्समध्ये एटीएम कार्ड नाही. अशा वेळी बहुतेकजण आधी वाळू धुंडाळायला परत जातात. हे चूक का, ते समजण्यासाठी कार्ड काम कसे करते ते पाहू.

कार्डात पैसे नसतात. त्याच्या चुंबकीय पट्टीत आणि चिपमध्ये कार्डाचा क्रमांक, मुदत अशी ओळखीची माहिती असते. एटीएम ही माहिती बँकेच्या संगणकाकडे पाठवते. पैसे द्यायचे की नाही, हे तो संगणक ठरवतो.

११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर दरोडा पडला, तो नेमका या दुव्यावर. चोरांनी खोटा होकार देणारी व्यवस्था उभी केली आणि नकली कार्डे वापरून २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले. खातेदारांची कार्डे चोरण्याची गरजच पडली नाही! तिजोरी उघडतो तो बँकेचा होकार. कार्ड हरवल्यावर आपल्याला तो होकार थांबवायचा असतो, आणि ते काम घरबसल्या एका फोनने होते.

"पण चोराला पिन कुठे ठाऊक आहे?" असे विद्यार्थी विचारतील. गणित करून पाहा. चार आकडी पिनच्या शक्यता १०,०००. तीन प्रयत्न मिळाले, तर अंदाजाने पिन सापडण्याची शक्यता १०,००० मध्ये ३. मात्र पिन म्हणून जन्मवर्ष ठेवले असेल आणि पर्समध्ये आधार कार्डही असेल, तर पहिलाच प्रयत्न पुरतो. शिवाय जानेवारी २०२१ पासून, कार्ड यंत्राला नुसते टेकवून ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय करण्याची मुभा मिळाली. तिथे हे गणित उपयोगी पडत नाही.

म्हणून आधी बँकेला कळवून कार्ड बंद करावे, मग शोधावे. बँकेचे अ‍ॅप असेल तर त्यातूनही कार्ड बंद करता येते. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने या वेळेला पैशाची किंमत दिली: पिन उघड करण्यासारखी चूक ग्राहकाची असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावरही लगेच तक्रार करावी.

बँकेचा क्रमांक मात्र पासबुकावरून घ्यावा. इंटरनेटवर शोधल्यास भामट्याचा क्रमांक हाती लागू शकतो. खरी बँक पिन किंवा ओटीपी कधीच विचारत नाही.

आज वर्गात एवढेच करा: प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या पासबुकातला बँकेचा क्रमांक कागदावर उतरवून घरात भिंतीवर लावावा. पर्समध्ये ठेवलेला क्रमांक पर्सबरोबरच हरवतो.