सहाध्यायी आणि असूया

मागच्या व्याख्यानानंतर एका संशोधक विद्यार्थिनीने मला विचारलं, "सर, माझं प्रकरण कुणाला दाखवलं आणि त्याने मुद्दाच उचलला तर?" भीती खोटी नाही. प्रबंधावर नाव एकाचंच असतं आणि नोकऱ्या थोड्या. म्हणून एकाच विभागातली मुलं एकमेकांपासून वह्या लपवतात.

न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. जल्प जिंकण्यासाठी. वितंडेत स्वतःची बाजू मांडायचीच नसते, समोरच्याची फक्त खोडायची (आपली काही चर्चासत्रं आठवा!). वाद मात्र सत्य कळावं म्हणून. तो कुणाशी करावा? न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायातल्या यादीत शिष्य आणि गुरू यांच्याबरोबर सब्रह्मचारीही आहे, म्हणजे आपला सहाध्यायी. अट अशी, की या मंडळींच्या मनात असूया नसावी.

आता, असूया नको म्हणून ती जात नाही. बसायची काहीतरी रीत लागते. १९२४ साली व्हिएन्नात हर्बर्ट फायग्ल आणि फ्रीडरिश वाइसमान या विद्यार्थ्यांनीच आपले प्राध्यापक मोरिट्झ श्लिक यांना सुचवलं, की संध्याकाळी चर्चेला बसू या. त्यातून गुरुवारच्या बैठका सुरू झाल्या; तेच पुढचं व्हिएन्ना वर्तुळ. कुर्ट ग्योडेल विद्यार्थिदशेत तिथे यायचा, बहुधा गप्प बसायचा. १९२९ चा त्याचा प्रबंध त्याचाच राहिला, कुणी पळवला नाही.

मी स्वतः यात चुकलो आहे. माझ्याकडे दोघं एकाच वेळी पीएच.डी. करत होती. "पूर्ण होईपर्यंत कुणाला दाखवू नका," असं मीच दोघांना बजावलेलं. तो ज्या युक्तिवादात वर्षभर अडकला होता, त्याची गाठ तिने आधीच सोडवली होती. हे त्याला कळलं तिच्या खुल्या मौखिक परीक्षेत, मागच्या बाकावर बसून. मला त्याच्याकडे बघवेना.

नंतर मी पद्धत बदलली. महिन्यातून एकदा बसायचं, अर्धवट प्रकरण सगळ्यांनी आधी वाचून यायचं. पहिला तास मी बोलायचं नाही, कारण गाइड बोलला की मुलं उतरवून घेतात आणि वाद तिथेच संपतो. कुणी कुणाला कोणता मुद्दा दिला, ते त्याच दिवशी तारीख घालून वहीत लिहायचं आणि पुढे तळटीपेत नाव द्यायचं. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला माझ्याकडे ही वही एवढंच उत्तर आहे.

पहिल्या बैठकीला तिघं आली. प्रकरण कुणीच आणलं नव्हतं. दुसऱ्या बैठकीला एकाने अडलेली चार पानं आणली.