मैदान कुणाचे, महिना कुठला?

जव्हारची नगरपरिषद १९१८ ची, म्हणजे संस्थानी काळातली. १९४८ मध्ये मुकणे राजघराण्याचे हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. नगरपरिषद टिकली, दरबारी दसराही टिकला. या दसऱ्याला कुस्त्यांचा फड लागतो. पाड्यापाड्यांवरून माणसे येतात, हलगी वाजते. क्रीडा विभाग नाही, सभासद-फी नाही, तरी शहराचा सार्वजनिक खेळ असा चालत आला.

कागदावरचे नियोजन निराळे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात दिवाबत्ती, गटारे ही बंधनकारक कामे. उद्याने, वाचनालये ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे पैसे उरले तर, आणि छोट्या नगरपरिषदेकडे ते कधी उरतात? १९६६ च्या नगररचना कायद्याने विकास योजनेत क्रीडांगणासाठी जागा राखता येते. पण दहा वर्षांत ती ताब्यात घेतली नाही आणि मालकाच्या नोटिशीनंतरही चोवीस महिने तसेच गेले, की आरक्षण संपते. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. २०११ च्या जनगणनेत जव्हार शहराची वस्ती बारा हजारांच्या आसपास होती. म्हणजे बारा-चौदा हेक्टर झाले. एवढी सपाट जागा आणायची कुठून, हे हनुमान पॉइंटवरून दरीत डोकावले की कळते.

जागेपेक्षा मला महिन्याचा प्रश्न मोठा वाटतो. दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे बिऱ्हाड बांधून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पोरेही जातात. जिल्हा परिषद शाळांच्या स्पर्धा साधारण डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा खो-खोच्या संघातली एखादी पोर भट्टीवर धाकट्या भावाला सांभाळत असते. पावसाळ्यात माणसे घरी असतात, तर मैदानाचा चिखल झालेला. तालुका क्रीडा संकुलाचे अनुदान २०२२ मध्ये एका कोटीवरून पाच कोटींवर गेले. माझे मत सरळ आहे: इथे पहिला खर्च छपरावर व्हावा, प्रेक्षक गॅलरी मागाहून.

जुन्यांना हे गणित ठाऊक असावे. दसरा स्थलांतराच्या आधी. मोखाड्याचा जगदंबेचा बोहाडा होळीच्या आगेमागे, भट्टीवरची माणसे गावी फिरकतात तेव्हा. रात्रभर संबळाच्या ठेक्यावर एकेक सोंग मशालीच्या उजेडात पुढे येते, दोन पावले मागे सरते, पुन्हा पुढे येते. त्याला लागते ती फक्त मोकळी वाट. तारप्याचेही तसेच. दुधी भोपळ्याचा तो लांबलचक तारपा फुंकत तारपकरी मध्ये फिरतो, भोवती कमरेत हात गुंफलेला फेर. तो वळेल तिकडे सगळा फेर वळतो. कारंजे, बाके आणि फरसबंदी असलेल्या उद्यानात हा फेर मावत नाही. आपल्याकडे मात्र उद्यान म्हटले की आधी कारंजे सुचते!

मोखाड्याला लागून असलेल्या त्र्यंबक तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकली. पाय डोंगराने घडवले. प्रशिक्षणासाठी मात्र तिला नाशिक गाठावे लागले.

विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत असते. जव्हारकरांनी आणि मोखाडेकरांनी त्या अर्जात सर्व्हे नंबरासोबत महिनाही लिहावा.