ग्राफिक्स कार्ड घेताना : खरे ठिपके किती, भरलेले किती?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील आपल्या बिरादरीच्या अनेक तरुणांनी संगणक जोडणीची व दुरुस्तीची दुकाने थाटली आहेत. काहींनी खेळाची पार्लरे काढली आहेत. खेळात किती वेळ घालवावा, हा प्रश्न पालकांचा आणि उलेमांचा. आम्ही येथे फक्त व्यवहाराची बाजू मांडत आहोत. खेळाच्या संगणकात सर्वांत महाग वस्तू बहुधा ग्राफिक्स कार्ड हीच असते. ते घेण्यासाठी ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर गेलेल्या गिऱ्हाइकाच्या कानांवर 'अपस्केलिंग', 'डीएलएसएस', 'फोर-के' असे शब्द पडतात. त्यांचा अर्थ न समजता हजारो रुपये मोजणे शहाणपणाचे नाही.

ठिपक्यांचा हिशेब

कापडाचा दर ठरवताना आम्ही इंचात ताणे किती, बाणे किती ते पाहतो. मॉनिटरचेही तसेच आहे. फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण सुमारे २० लाख ७३ हजार. फोर-के मॉनिटरवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८२ लाख ९४ हजार, बरोबर चौपट. खेळ चालू असताना कार्डाला हे सगळे ठिपके सेकंदाला तीस, साठ किंवा त्याहून अधिक वेळा रंगवावे लागतात. म्हणून फोर-के खेळवणारे कार्ड महाग पडते.

अपस्केलिंग म्हणजे काय?

कार्डाने थोडे ठिपके रंगवायचे आणि उरलेले हिशेबाने भरून चित्र मोठे करायचे, याला अपस्केलिंग म्हणतात. फोर-के मॉनिटरवर 'क्वालिटी' पर्याय घेतला तर कार्ड मुळात २५६० गुणिले १४४० चेच चित्र काढते. 'परफॉर्मन्स' घेतला तर फक्त फुल एचडीचे, म्हणजे चौथा हिस्सा. काम कमी झाल्याने खेळ वेगाने चालतो.

एनव्हिडिया कंपनीने २०१८ साली आरटीएक्स कार्डांबरोबर डीएलएसएस आणले; ते फक्त आरटीएक्स कार्डांवर चालते. एएमडीने २०२१ साली एफएसआर काढले. त्याच्या पहिल्या तीन आवृत्त्या दुसऱ्या कंपनीच्या आणि जुन्या कार्डांवरही चालतात. २०२५ सालची चौथी आवृत्ती मात्र एएमडीच्या ९००० मालिकेबरोबर आली. इंटेलचे एक्सईएसएस २०२२ सालचे. ही सोय त्या त्या खेळात दिलेली असावी लागते. गरीब पार्लरवाल्याला यात मोठा दिलासा आहे. जुने जीटीएक्स कार्ड भंगारात काढण्याआधी खेळात एफएसआर चालू करून पाहावे, खर्च शून्य.

मर्यादाही ध्यानात ठेवावी. फुल एचडी मॉनिटरवर 'क्वालिटी' घेतले तर मूळ चित्र १२८० गुणिले ७२० चे, म्हणजे सव्वानऊ लाख ठिपक्यांचेच राहते, आणि कडा पुसट दिसू लागतात. मूळ माल जितका भरीव, तितकी भरणी चांगली बसते.

उलटा व्यवहार : डाउनसॅम्पलिंग

येथे कार्ड मॉनिटरच्या गरजेपेक्षा जास्त ठिपके रंगवते आणि मग ते दाबून लहान मॉनिटरवर बसवते. चित्र सुबक येते, कडांचे दाते जातात. एनव्हिडियाने ही सोय डीएसआर नावाने आणि एएमडीने व्हीएसआर नावाने २०१४ साली दिली. फुल एचडी मॉनिटरवर चौपट डीएसआर लावले तर कार्डाला फोर-केइतकेच काम पडते. सबब कार्ड जोरदार, मॉनिटर साधा आणि खेळ जुना असेल तेव्हाच हा पर्याय कामाचा. अशक्त कार्डावर तो लावणे म्हणजे छोट्या टेम्पोत ट्रकचा माल भरणे.

मधल्या फ्रेमा

आणखी एक प्रकार म्हणजे फ्रेम जनरेशन. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये यंत्र स्वतः चित्र तयार करून घालते. एनव्हिडियाने ते २०२२ साली ४० मालिकेबरोबर आणले. जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे १५९९ डॉलरला आलेल्या ४०९० ची कामगिरी देईल, असे सांगितले. हा हिशेब नव्या फ्रेम जनरेशनच्या भरवशावर होता, ज्यात एका खऱ्या फ्रेममागे तीन फ्रेमा यंत्राच्या असू शकतात. त्यामुळे चित्र गुळगुळीत दिसते, पण बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमांच्या गतीनेच येतो, किंबहुना किंचित उशिरा. पैजेने नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्या मुलाला हा फरक लगेच कळतो.

गिऱ्हाइकाने काय विचारावे?

पहिले, आपला मॉनिटर किती ठिपक्यांचा आहे? फुल एचडी असेल तर फोर-केच्या नावाने जादा पैसे देऊ नयेत. दुसरे, दुकानदार सांगतो तो फ्रेमांचा आकडा अपस्केलिंग व फ्रेम जनरेशन बंद ठेवून आहे की चालू ठेवून? दोन्ही आकडे दुकानातच पडद्यावर पाहावेत. तिसरे, आपल्याला हवे असलेले खेळ त्या कार्डाची सोय घेतात काय? कापडावर छपाईची डिझाइने काढणाऱ्या कारागिरांनी तर हे पक्के समजावे की, खेळांची ही अपस्केलिंग त्यांच्या डिझाइनची फाइल सुधारत नाही. त्यांनी कार्ड आपल्या सॉफ्टवेअरच्या गरजेनुसारच घ्यावे.

विकणाऱ्या भावांनाही दोन शब्द. खळ दिलेले कापड विकणे गुन्हा नाही. खळ लपवून ते जाड कापड म्हणून विकणे गुन्हा आहे. अपस्केलिंगचेही तसेच. वरून कोरड्या दिसणाऱ्या धान्याच्या ढिगात प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हाताला ओल लागली, तेव्हा लोकांना दिसावा म्हणून तो भाग वर का ठेवला नाही, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले होते. कार्डाच्या खोक्यावर कंपनी काहीही छापो; आपल्या पाटीवर खरा आकडा आधी आणि भरलेला आकडा नंतर लिहावा. अशा दुकानावर गिऱ्हाईक पुन्हा येते, आणि रोजीत बरकत राहते.