फणसाच्या दोन फळ्यांमधली नदी

रिव्हर टेबलाची कल्पना सोपी आहे. ओंडका उभा चिरून दोन जाड फळ्या काढायच्या, साल सोलायची, पण झाडाची मूळची वाकडीतिकडी कड रंधून सरळ करायची नाही. या कडा समोरासमोर ठेवून मधल्या फटीत रंगीत इपॉक्सी रेझिन ओतले की दोन काठांमधून नदी वाहत असल्यासारखे दिसते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातले कारागीर ग्रेग क्लासन यांच्या अशा टेबलांचे फोटो २०१४ च्या सुमारास जगभर फिरले. त्यांची नदी काचेची होती, फटीच्या आकारात कापून बसवलेली. काच तशी कापणे कठीण, रेझिन ओतणे त्यामानाने सोपे. म्हणून घरी टेबल करणारे रेझिनकडे वळले.

फटीत राळ भरणे कोकणाला नवे नाही. लाकडी गलबतांच्या फळ्यांमधल्या फटी कापूस आणि राळ-तेलाने बुजवण्याची रीत किनाऱ्यावर जुनी आहे. ती राळ झाडाची, इपॉक्सी कारखान्यातली. स्वित्झर्लंडच्या पिएर कास्तान यांनी १९३० च्या दशकात दातांच्या कवळ्यांसाठी इपॉक्सी तयार केली आणि १९४६ मध्ये सिबा कंपनीने तिच्यावर आधारित ॲराल्डाइट हा चिकटा बाजारात आणला. रत्नागिरीत मात्र ‘रेझिन’ मागितले की बरेचदा होड्यांना फायबर चढवण्याचे पॉलिएस्टर रेझिन पुढे येते. ते स्वस्त असते, पण त्याला उग्र वास येतो, घट्ट होताना ते आकसते आणि लाकडाला इपॉक्सीइतके धरत नाही. टेबलाला इपॉक्सीच हवी, आणि तीही जाड थर ओतण्यासाठी बनवलेली, सावकाश घट्ट होणारी.

लाकूड निवडण्यात रत्नागिरीकराची चैन आहे. साग आणि किंजळ टिकाऊ, पण किंजळ रंध्याला जड जाते. आंब्याचे लाकूड स्वस्त आणि रेघारेघांचे. मात्र त्याला कीड लवकर लागते आणि ओले राहिले तर बुरशीचे निळसर डाग पडतात. या कामाला फणस सर्वांत देखणा. नव्याने चिरलेला गाभा हळदीसारखा पिवळा असतो आणि उजेडात वर्षागणिक तपकिरी होत जातो. म्हणून नदीचा रंग आजच्या पिवळ्याशी नव्हे, पुढच्या तपकिरीशी जुळवून ठरवावा. सगळीकडे दिसणारा झगझगीत निळा फणसाशेजारी उपराच वाटतो. भाट्याच्या खाडीचा मळकट हिरवा किंवा पावसाळ्यातल्या काजळी नदीचा तांबूस रंग त्याला जास्त शोभतो. आंबा, फणस, साग आणि किंजळ ही झाडे वृक्षतोडीचे नियमन करणाऱ्या १९६४ च्या राज्य कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे परसातले झाड असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. वखारीतून फळ्या घेताना पावती घ्यावी.

टेबल जमते की बिघडते हे बहुतेक वेळा लाकडातल्या पाण्यावर ठरते, रेझिनवर नव्हे. लाकूड हवेप्रमाणे पाणी घेते आणि सोडते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर त्यातला ओलावा साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावतो. ती ९० टक्क्यांवर गेली की लाकूड २० टक्क्यांपर्यंत पोचते. रत्नागिरीच्या पावसाळ्यात पडवीतली फळी तिथवर जाणारच. अशा फळीवर ओतलेले रेझिन कडेला नीट चिकटत नाही, बुडबुडे येतात आणि पुढे लाकूड वाळून आकसले की काठ आणि नदी यांच्यात केसाएवढी भेग पडते. ती बुजवता येते, लपवता येत नाही.

इंचभर जाडीला एक वर्ष वाळवण हा सुतारांचा ढोबळ हिशेब आहे. कोकणात त्यातले चार महिने वाया गेलेलेच धरावेत. फळ्यांची दोन्ही टोके जाड रंगाने बंद करायची, म्हणजे ती फाटत नाहीत. मग जमिनीपासून वीतभर उंचीवर, प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, सावलीत चळत रचायची. वर वजन ठेवायचे.

ओलावा मोजण्याचे मीटर नसले तरी स्वयंपाकघरातला काटा आणि ओव्हन पुरतात. फळीच्या टोकापासून थोडे आत एक तुकडा कापून वजन करायचे, शंभर अंशांच्या आसपास तो तापवत राहायचे आणि वजन घटायचे थांबले की पुन्हा नोंदवायचे. ५६ ग्रॅमचा तुकडा ५० ग्रॅमवर थांबला तर गेलेले सहा ग्रॅम म्हणजे कोरड्या वजनाच्या १२ टक्के. फळी वापरायची ती याहून ओली नको. १० टक्के मिळाले तर उत्तम.

रेझिन ओतण्याचा मुहूर्त डिसेंबर ते फेब्रुवारीचा. हवा कोरडी आणि उकाडा कमी असतो. दमट हवेत हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करण्यासाठी त्यात मिसळायचा द्रव, ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून वर तेलकट पापुद्रा धरतो. तो कोमट पाण्याने पुसल्याशिवाय पुढचा थर चिकटत नाही. मे महिन्यात उलट संकट: रेझिन घट्ट होताना स्वतःच तापते आणि बाहेरही ऊन असेल तर जाड थराला भेगा पडतात. मिसळलेले रेझिन बादलीत तसेच राहिले तर त्यातून धूरही निघू शकतो, म्हणून उरलेले लगेच पसरट ताटात ओतून द्यावे.

ओतण्यासाठी सनमायका लावलेल्या प्लायवुडचा साचा करतात. आतून पॅकिंग टेप लावली की रेझिन त्याला चिकटत नाही, आणि कोपरे सिलिकॉनने बंद करतात. पाण्यासारखे पातळ रेझिन टाचणीएवढ्या भोकातूनही रात्रभर गळते. साचा पाणसळ लावून समतल करायचा आणि फळ्या शिकंज्यांनी आवळायच्या, नाही तर त्या तरंगतात. त्याआधी सालीचा शेवटचा कण आणि किडीने पोखरलेला भुसा ब्रशने खरवडून, कडांना पातळ रेझिनचा हात देऊन तो चिकट होऊ द्यायचा. लाकडाच्या रंध्रांतली हवा त्याने अडते.

रेझिन किती लागेल? नदी १२० सेंटिमीटर लांब, सरासरी १२ रुंद आणि ४ जाड असेल तर ५,७६० घनसेंटिमीटर, म्हणजे पावणेसहा लिटरच्या आसपास. दहा टक्के जादा धरून ६.३ लिटर. डब्यावर मापाने दोनास एक असे प्रमाण असेल तर रेझिन ४.२ आणि हार्डनर २.१ लिटर. प्रमाण मापाचे की वजनाचे, हे डब्यावर वाचूनच घ्यावे. ‘लवकर घट्ट व्हावे’ म्हणून हार्डनर वाढवला तर नदी कायमची चिकट राहते. रंगाची पूड थोडकीच घालायची. पाच मिनिटे सावकाश, तळ आणि कडा खरवडत ढवळून, दुसऱ्या भांड्यात ओतून पुन्हा ढवळायचे. हातात नायट्राइलचे मोजे, तोंडाला वाफ अडवणारा मास्क. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही.

ओतायचे संध्याकाळी. तापमान उतरत असताना लाकूड हवा बाहेर टाकण्याऐवजी आत ओढते आणि बुडबुडे कमी येतात. आलेले हीट गनच्या झोताने फुटतात. कोकणातल्या पडवीत आणखी एक पाहुणा असतो: दिव्यावर झेपावणारे किडे. दिवा घालवून साच्यावर ताणलेले प्लास्टिक टाकले नाही तर सकाळी नदीत दोन-चार पंख कायमचे अडकलेले सापडतात.

तीन ते सात दिवसांनी साचा सोडवतात. दोन्ही बाजू राउटरने किंवा रंध्याने सपाट करून ८०, १२०, १८०, २२० अशा चढत्या क्रमांकांच्या काचकागदाने घासतात. रेझिनची धूळ नाकात जाऊ द्यायची नाही आणि तुकडे चुलीत घालायचे नाहीत. शेवटी तेल-मेणाचा किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचा हात द्यायचा, तोही वर आणि खाली सारखाच. फक्त वर दिला तर खालून ओल शिरून फळीला बाक येतो. पाय बसवताना स्क्रूची भोके लांबट ठेवतात, कारण पावसाळ्यात लाकूड आडवे फुगते आणि थंडीत आकसते. चुलीवरून उतरवलेला टोप थेट नदीवर ठेवू नये. बहुतेक घरगुती इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि बुडाचा वर्तुळाकार ठसा उमटतो. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पारदर्शक नदी काही वर्षांत पिवळी पडते.