'का' नसलेलं शहर

शहर ओस केव्हा पडतं? माणसं सोडून गेली की, असं आपण सहज म्हणू. फ्रेंच दिग्दर्शक जाँ-ल्यूक गोदार यांनी १९६५ साली 'अल्फाविल' या चित्रपटात वेगळं उत्तर दिलं. माणसं जागच्या जागी असतात, त्यांचे शब्द निघून जातात आणि शहर ओस पडतं.

गोष्ट आहे दूरच्या तारामंडळातल्या एका नगरीची. पण गोदार यांनी तिच्यासाठी सेट उभारले नाहीत. छायालेखक राऊल कुतार यांना घेऊन ते रात्रीच्या पॅरिसमध्ये हिंडले. नव्यानं उभ्या राहिलेल्या काच-काँक्रीटच्या इमारती, न संपणारे कॉरिडॉर, गोल जिने हेच त्यांनी कृष्णधवल रंगात टिपलं. भविष्य म्हणून आपण पाहतो, ते त्या वेळचं वर्तमानच आहे.

या नगरीवर 'अल्फा ६०' या संगणकाची सत्ता. त्याचा घोगरा आवाज सगळीकडे घुमतो. तर्काला सोडून वागणं हा तिथे गुन्हा. एका माणसाला पोहण्याच्या तलावावर उभं करून गोळी घालतात. अपराध एवढाच, की बायको गेल्यावर तो रडला. हॉटेलच्या खोलीत 'बायबल' म्हणून असतो तो शब्दकोश. नको झालेले शब्द गाळून त्याची नवी प्रत येत राहते. 'रडणं' गेलं, 'कोमलता' गेली. 'का' असं विचारायचं नाही, 'कारण' एवढंच म्हणायचं.

विद्यार्थी असताना फिल्म सोसायटीत हा चित्रपट पाहिला, तेव्हा तो तलावाचा प्रसंग मला अतिरंजित वाटला होता. पुढे अब्बा गेले. आम्ही नुकतेच सहाव्या मजल्यावर राहायला आलो होतो. जुन्या मोहल्ल्यात मयतीच्या घरून कुणाला बोलवावं लागत नसे. रडण्याचा आवाज गेला की दारं उघडत. इथे अम्मीनं हंबरडा फोडला आणि मी पहिलं काम केलं ते दार लावून घेण्याचं. तसं कुणीच सांगितलं नव्हतं. शेजाऱ्यांना त्रास नको, एवढंच मनात आलं. आमच्या मजल्यावर अल्फा ६० नव्हता. शब्दकोशातला शब्द मीच खोडला होता.

चित्रपटात नताशा नावाच्या तरुणीच्या हाती पॉल एल्युआर या कवीचा १९२६ सालचा कवितासंग्रह पडतो. त्यातल्या शब्दांचे अर्थ तिला लागत नाहीत, पण त्यांनी ती अस्वस्थ होते. शेवटी शहर सोडताना मोटारीत ती अडखळत 'प्रेम' या शब्दापर्यंत पोचते. सोबतचा नायक तिला शब्द सुचवत नाही. तो तिचा तिनंच शोधायचा असतो.

मध्यंतरी एका रात्री खालच्या मजल्यावरून रडण्याचा आवाज आला. मी चपला घातल्या आणि जिना उतरलो. कवी असूनही दारात उभं राहून काही सुचेना. "काय झालं?" एवढंच विचारलं. त्यांनी मला आत घेतलं.